देशी गाडी की इंपोर्टेड? लिफ्टखाली उभं राहून दिलेलं उत्तर

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. थोडक्यात असा: २५ लाखांपर्यंत गाडी घ्यायची आहे. घरात पाच माणसं, आठवड्याला सातारा-पुणे आणि वर्षातून चार-सहा वेळा कोकण. समोर तीन पर्याय आहेत. एक देशी कंपनीची नवी एसयूव्ही, दुसरी परदेशी कंपनीची पण इथेच बनणारी, आणि तिसरी तेवढ्याच पैशात मिळणारी जर्मन एसयूव्ही, पूर्ण बनून बाहेरून आलेली, सहा वर्षं वापरलेली. मेहुणे म्हणतात, 'देशी गाडीचा पत्रा पातळ, इंपोर्टेड ती इंपोर्टेडच.' वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली देशी डिझेल गाडी रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त राहिली, म्हणून आईचाही देशीला विरोध. तर दर्जात खरंच एवढा फरक आहे का?

माझं उत्तर आधीच सांगतो: पहिल्या दोनपैकी कोणतीही घ्या, तिसरीला हात लावू नका. पण मेहुण्यांना आणि आईंना 'तुमचं चुकतंय' एवढंच सांगून भागणार नाही. दोघांच्या बोलण्यात एकेकाळी तथ्य होतं, आणि त्यातलं थोडं आजही शिल्लक आहे. ते कुठे शिल्लक आहे हे कळलं तर गाडी निवडणं सोपं जाईल.

मी कोल्हापूरचा. डिप्लोमा झाल्यावर सहा वर्षं शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला होतो, आणि २००१ पासून स्वतःचं गॅरेज चालवतो. कोणत्याही एका कंपनीची एजन्सी नसल्यामुळे लिफ्टवर सकाळी अल्टो असते, दुपारी स्कॉर्पिओ आणि संध्याकाळी एखादी मर्सिडीज. गाडी शोरूममध्ये कशी दिसते यापेक्षा ८०,००० किलोमीटरनंतर खालून कशी दिसते, हे मी जास्त पाहिलं आहे.

आधी 'इंपोर्टेड' या शब्दाचाच घोळ मिटवू. आपल्याकडे परदेशी नावाची गाडी दिसली की लोक तिला इंपोर्टेड म्हणतात. प्रत्यक्षात मर्सिडीज १९९५ च्या सुमारास पिंपरीत बनायला लागली आणि २००९ पासून चाकणला बनते. फोक्सवॅगनही चाकणलाच. स्कोडा २००१ पासून औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला, ऑडीची जोडणीही तिथेच. जीप कंपास रांजणगावला. यातल्या काही गाड्यांचे जवळजवळ सगळे पार्ट इथले असतात. काहींचे सुट्टे भाग पेट्यांतून येतात आणि इथे फक्त जोडले जातात. पूर्ण बनून जहाजातून उतरणाऱ्या गाड्या अगदी थोड्या. या तिन्ही प्रकारांना एकाच शब्दात कोंबलं की दर्जाची तुलना सुरू होण्याआधीच फसते.

किंमतही इथेच फसवते. आयातीच्या वेळी ४०,००० डॉलरच्या वर जाणाऱ्या गाडीवर २०१३ पासून अनेक वर्षं १०० टक्के सीमाशुल्क होतं, आणि सुट्टे भाग आणून इथे जोडलेल्या गाडीवर साधारण १० ते १५ टक्के. २०२४ मध्ये रेंज रोव्हर पुण्यात जोडायला सुरुवात झाली, तेव्हा काही मॉडेलची किंमत साधारण ५० लाखांनी कमी झाली. गाडीचा एक बोल्टसुद्धा हलका झाला नव्हता. म्हणजे आदल्या महिन्यात ज्याने ती घेतली त्याचे ते ५० लाख दर्जासाठी गेले नाहीत, कराला गेले. तुमच्या मेहुण्यांच्या डोक्यात 'एवढी महाग आहे म्हणजे तेवढी भारी असणार' असा जो हिशोब बसला आहे, तो या करामुळे बसला आहे.

आता उलट बाजूने बघा. गुरुग्रामला बनणाऱ्या मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीचं बुकिंग जानेवारी २०२५ च्या शेवटी जपानमध्ये सुरू झालं. चार-पाच दिवसांत ५०,००० च्या आसपास बुकिंग झालं आणि सुझुकीला नवं बुकिंग थांबवावं लागलं. होंडाची एलिव्हेट राजस्थानात टपुकड्याला बनते आणि जपानमध्ये दुसऱ्या नावाने विकली जाते. रांजणगावची कंपास ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या माणसाच्या दृष्टीने ही इंपोर्टेड गाडी, आणि ती आपल्या रांजणगावची.

दर्जा म्हणजे काय हे मला गॅरेजमध्ये कळलं नाही, फौंड्रीत कळलं. आमच्याकडे इंजिनचे ब्लॉक ओतले जायचे. ब्लॉकची भोकं रबराने बंद करायची, आत हवा भरायची आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा. मी टाकीवर वाकून बघत बसायचो. कास्टिंगमध्ये कुठे बारीक छिद्र राहिलं असेल तर बुडबुड्यांची एक रेघ वर यायची, इतकी बारीक की ट्यूबलाइट योग्य कोनात नसेल तर दिसायचीच नाही. तेव्हाच्या एका देशी ग्राहकाचा माल असेल तर त्या छिद्रात रेझिन भरून ब्लॉक पुढे जायचा, आणि त्यांनाही ते चालायचं, कारण त्यांना नग हवे असायचे. निर्यातीच्या मालात तीच रेघ दिसली की तो एक ब्लॉक बाजूला ठेवून भागायचं नाही. त्या पाळीचे सगळे ब्लॉक पुन्हा तपासायचे, वाळूतला ओलावा किती होता, धातूचं तापमान किती होतं ते काढायचं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदललं ते लिहून द्यायचं.

भट्टी तीच, वाळू तीच, कामगार तेच. दोन दर्जे बाहेर पडायचे ते विकत घेणाऱ्याने काय चालवून घेतलं यावर. मी नोकरी सोडेपर्यंत हे बदलायला लागलं होतं, आणि आज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कोणत्याही चांगल्या फौंड्रीत देशी ग्राहकसुद्धा दहा लाख नगांमागे किती खराब निघाले याचा हिशोब मागतो. पुण्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट जगभरच्या कंपन्यांच्या इंजिनांत फिरतात. म्हणून 'भारतात बनलं म्हणून कच्चं' हे वाक्य मला ऐकवत नाही. कच्चं बनतं ते कच्चं खपतं म्हणून.

तुमच्या वडिलांच्या गाडीचंही हेच झालं. त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा मानतो. १९८३ पर्यंत आपल्याकडे मुख्यतः अँबॅसिडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी. एक मूळची मॉरिस, दुसरी मूळची फियाट, दोन्ही पन्नास-साठच्या दशकातल्या. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणाऱ्या गिऱ्हाईकासाठी कोण कशाला सुधारणा करेल? १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तीही सुरुवातीला जपानी पार्ट जोडूनच. तिने सगळ्यात मोठं काम केलं ते पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत जपानी मोजमाप आणून. पण अख्खी गाडी स्वतः आखून बनवणं ही वेगळीच गोष्ट होती. टाटांची इंडिका १९९८ च्या शेवटी आली, तक्रारीही आल्या, आणि दुरुस्त्या करून २००१ मध्ये व्ही-टू आली. आपल्याकडचे इंजिनिअर तेव्हा पहिल्यांदा प्रवासी गाडी शून्यातून बनवायला शिकत होते, आणि त्या शिकण्याची किंमत तुमच्या वडिलांसारख्या गिऱ्हाईकांनी मोजली. त्यांचा राग रास्त आहे. फक्त २००० सालच्या गाडीवरून २०२५ सालच्या गाडीचा अंदाज बांधू नका.

आता पत्रा. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण यात लोकांचा जीव गुंतलेला आहे. अपघातातल्या गाड्यांचे कापून काढलेले फेंडर आणि दाराचे पत्रे मी बरीच वर्षं मायक्रोमीटरने मोजत आलो आहे. देशी, जपानी, कोरियन, जर्मन, सगळ्यांचा बाहेरचा पत्रा ०.६५ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपासच असतो. बोनेट अंगठ्याने दाबून 'बघा, दबतोय' म्हणणारे बाहेरची साल तपासतात. माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे: मधला खांब, दाराखालचा सिल, छताची कड, पुढचे दोन रेल. चांगल्या गाडीत मधला खांब गरम असताना साच्यात दाबून कडक केलेल्या पोलादाचा असतो. त्याची ओळख आमच्या डेंटरला विचारा. साधा ड्रिल बिट लावला की तो नुसता गरगर फिरतो, टोक निळं पडतं आणि धार जाते, पण भोक पडत नाही. हे पहिल्यांदा माझ्याकडे एका युरोपीय गाडीवर घडलं. गेल्या सात-आठ वर्षांत देशी गाड्यांवरही घडतं. प्रत्येक वेळी बिट वाया जातो आणि प्रत्येक वेळी मला मनापासून आनंद होतो.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. पाचही गाड्यांना सुरक्षिततेचे पाचपैकी शून्य तारे. यात देशी नाव होतं, तसं जपानी, अमेरिकन, कोरियन आणि जर्मनही होतं. पोलोचा सांगाडा भक्कम राहिला होता, पण एअरबॅगच नव्हत्या. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. गाडी तीच, कारखाना तोच, पाटी तीच, आणि फरक शून्य ते चार. परदेशी कंपनी तिच्या स्वतःच्या देशात जे विकते तेच इथे विकत असेल हे गृहीत धरणाऱ्याने ही एक चाचणी लक्षात ठेवावी. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनला २०२२ मध्ये पाच मिळाले, आणि मारुतीला पहिले पाच २०२४ च्या डिझायरवर.

ताऱ्यांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र ठेवा. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे होते, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एनकॅपमध्ये शून्य. गाडी रातोरात बिघडली नव्हती. तिथली मोजपट्टी कडक आहे. समोर माणूस आला तर गाडी आपोआप ब्रेक लावते का, लेन सुटली तर सावध करते का, याचेही गुण तिथे असतात आणि आपटण्याच्या चाचण्याही जास्त असतात. म्हणून तारे विचारताना कुठल्या संस्थेचे, कुठल्या वर्षीचे आणि कुठल्या मॉडेलचे, हे तिन्ही विचारा. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू आहे. तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन्ही गाड्यांचे निकाल बघूनच पुढे जा.

मग देशी गाडी मागे कुठे पडते? सातत्यात. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण तुमचे पैसे जाणार आहेत म्हणून लपवणार नाही. मागच्या वर्षी एकाच देशी मॉडेलच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन गाड्या शेजारशेजारच्या लिफ्टवर होत्या. एकीची पुढच्या चाकाजवळची वायरिंग क्लिपमध्ये नीट बसवलेली होती. दुसरीत एक क्लिप लावायची राहून गेली होती. हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, लोंबून चाकाच्या प्लॅस्टिकच्या लाइनरवर घासत होता, वरची टेप झिजून आतली निळी वायर दिसायला लागली होती. आणखी दोन पावसाळ्यांनी तो सेन्सर बंद पडला असता, डॅशबोर्डवर चार दिवे एकदम लागले असते आणि मालकाने सगळ्या देशी गाड्यांना शिव्या दिल्या असत्या. गाडीची आखणी उत्तम, सांगाडा उत्तम, इंजिन उत्तम, आणि लाइनवर कोणीतरी एक क्लिप विसरलं.

जपानी वळणाच्या कारखान्यातून आलेल्या गाड्यांत हे क्वचित दिसतं. त्या गाड्या हलक्या असतात, रस्त्याचा आवाज आत येतो, दार लावलं की जड आवाज येत नाही. पण पाचवी गाडी पहिलीसारखीच असते. सस्पेन्शनचा लिंक रॉड कधी जाणार, रबरी बुश कधी बदलायचे, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. देशी नव्या मॉडेलमध्ये स्क्रीन अडकणं, सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा अपडेट करावं लागणं, डॅशबोर्डमधून कुरकुर, दाराच्या रबरातून पाणी, हे प्रकार पहिल्या वर्ष-दीड वर्षाच्या गाड्यांत जास्त येतात आणि पुढे कमी होत जातात. म्हणून माझ्या गिऱ्हाईकांना मी एकच सांगतो: देशी गाडी जरूर घ्या, पण नवं मॉडेल आल्यावर पहिल्या वर्षात घेऊ नका.

युरोपीय गाड्यांचं बलस्थान वेगळं आहे. १२० च्या वेगाला त्या रस्त्याला जशा चिकटून राहतात, स्टिअरिंग हाताशी जसं बोलतं, ती गोष्ट आजही सगळ्यांना जमलेली नाही. पत्र्यावरचा जस्ताचा थर आणि खालचं लेपन हेही त्यांचं जुनं कसब, कारण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत याचा खरा उपयोग होतो. पण थंड हवेसाठी आखलेल्या गाडीचं आपल्याकडच्या मे महिन्यात काय होतं, तेही मी बघतो. थर्मोस्टॅटची हाउसिंग, पाण्याच्या नळ्यांचे जोड, वॉटर पंपाचं अंग, हे अनेकदा प्लॅस्टिकचं असतं. सहा-सात उन्हाळे बोनेटखाली काढल्यावर ते बिस्किटासारखं होतं. पान्हा लावायच्या आधीच हातात तुकडा येतो. कमी जाडीच्या टायरवर खड्डा बसला की ॲलॉय चिरतो. तुमची तिसरी गाडी बरोबर त्या वयाची आहे.

आणि आता पुराची गोष्ट, कारण तिसऱ्या गाडीबद्दलचं माझं मत तिथे पक्कं झालं. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. पाणी उतरल्यावर आठवडाभरात दोन गाड्या माझ्याकडे ओढून आणल्या. एक बाहेरून आलेली युरोपीय एसयूव्ही, दुसरी साधी देशी. दोन्हींत सीटच्या गादीपर्यंत पाणी गेलेलं. युरोपीय गाडीचं कार्पेट उचललं तर खाली चार बोटं जाड फोम, गाळाने भरलेल्या स्पंजसारखा. ड्रायव्हरच्या सीटखाली एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, आणि डिकीच्या तळाशी आणखी दोन. वायरी जोडणारे कप्लर उघडले तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढायला लागला होता. ही गाडी ज्या देशात आखली तिथे मॉड्यूल आवाज-धक्क्यापासून दूर सीटखाली ठेवणं शहाणपणाचंच होतं. आपल्या पावसाचा विचार त्यात नव्हता. एकेक मॉड्यूल बाहेरून मागवायचं, मग कंपनीच्या संगणकाला जोडून त्याची गाडीशी ओळख करून द्यायची. अकरा आठवडे ती कोपऱ्यात उभी राहिली आणि शेवटी विम्यात टोटल लॉस झाली.

देशी गाडीच्या सीटा काढल्या, कार्पेट गच्चीवर वाळत घातलं, कप्लर एकेक करून साफ केले, स्टार्टर आणि अल्टरनेटर बदलला, सगळी ऑइलं दोनदा बदलली. एकोणिसाव्या दिवशी ती मालक चालवत घेऊन गेला. ती जास्त चांगली बनवली होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात बिघडायला कमी होतं, आणि जे बिघडलं ते शाहूपुरीत दुसऱ्या दिवशी मिळत होतं. पण पाच माणसांच्या घराला गाडी एकोणीस दिवसांत परत मिळणं, हाही दर्जाचाच भाग आहे असं मी मानतो.

तुमच्या तिसऱ्या गाडीचं गणित याच मुद्द्यावर बिघडतं. नवी असताना ती ७०-८० लाखांची असेल. आज ती २५ लाखांना मिळते, पण तिच्या हेडलाइटची, एअर सस्पेन्शनच्या कॉम्प्रेसरची, गिअर बॉक्सच्या दुरुस्तीची किंमत ७०-८० लाखांच्या गाडीचीच राहिली आहे. एवढ्या जुन्या गाडीला पार्टची पूर्ण भरपाई देणारा विमा मिळवणंही कठीण. पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक प्रश्न: आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ती गाडी बनली तेव्हा कंपनीने किती टक्क्यांपर्यंत मान्यता दिली होती, ते टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. ते न बघता सौदा करणाऱ्यांच्या गाड्यांच्या इंधनाच्या नळ्यांची आणि पंपाची मला काळजी वाटते.

जुनी गाडी घ्यायचाच मोह झाला, देशी असो वा परदेशी, तर चेसिस नंबर देऊन जुन्या रिकॉलची (दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायची) कामं झाली आहेत का ते विचारा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. आतलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. जगभरात दहा कोटींहून जास्त एअरबॅग परत मागवाव्या लागल्या, आणि त्यात जपानी, अमेरिकन, जर्मन अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्या होत्या. आपलं कोकण तर उष्ण आणि दमट दोन्ही. हे काम फुकट होतं, फक्त विचारावं लागतं.

चेसिस नंबरवरून गाडी कुठली तेही साधारण कळतं. एमए ते एमई या अक्षरांनी सुरुवात असेल तर भारत, जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी. पण सुट्टे भाग आणून इथे जोडलेल्या काही गाड्यांवर मूळ देशाचीच अक्षरं असतात, तेव्हा विकणाऱ्याने नुसता डब्ल्यू दाखवून 'पूर्ण इंपोर्टेड आहे' म्हटलं तर आयातीची कागदपत्रं मागा.

राहिल्या पहिल्या दोन गाड्या. त्यांच्यात निवड करायला ब्रोशर बाजूला ठेवा आणि दोन्ही शोरूमच्या सर्व्हिस विभागाकडून दहा पार्टची यादी लेखी घ्या: हेडलाइट, कॅमेरा असलेली पुढची काच, आरसा, पुढचा शॉकअप, लोअर आर्म, ब्रेक पॅड, रेडिएटर, बंपर, एक चावी आणि क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरचं काम. प्रत्येकापुढे किंमत आणि साताऱ्यात किती दिवसांत मिळेल ते लिहून मागा. जी कंपनी हे लिहून द्यायला टाळाटाळ करेल, ती गाडी कितीही आवडली तरी सोडा. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी आणि फोर्डने २०२१ मध्ये इथला व्यवहार आवरता घेतला. त्या गाड्या चांगल्याच होत्या, आजही माझ्याकडे येतात, पण एखाद्या पार्टसाठी मालकाला चार शहरांत फोन करावे लागतात. कंपनी इथे दहा वर्षं टिकेल का, हा विचार परदेशी नावाच्या बाबतीत जरूर करा.

दोन्ही गाड्या खालून बघायला मागा. नवी गाडी लिफ्टवर घ्यायला शोरूमवाले नाखूश असतात, तरी आग्रह धरा. चाकाच्या कमानीत हात घालून वायरिंगच्या क्लिपा बसल्या आहेत का बघा, ब्रेकच्या नळ्या कशाला घासत नाहीत ना ते बघा. डाव्या आणि उजव्या दाराच्या फटी सारख्या आहेत का ते बोटाने चाचपा. दार लावल्यावर येणाऱ्या आवाजावर भाळू नका, तो आवाज मुद्दाम तसा आणता येतो.

मग टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या रस्त्यावर न करता यवतेश्वरच्या घाटात घ्या. आईंना मागच्या सीटवर बसवा. चढताना एसी आणि गाणी बंद, काचा वर. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी किती धरते बघा, आणि खराब पट्टा आला की वेग कमी न करता ४० ने जाऊ द्या. डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातून आणि मागच्या सीटच्या खटक्यातून आवाज येतो का ते ऐका. खाली आल्यावर लगेच बोनेट उघडून पंखा किती वेळ चालतो ते मोजा. आणि आईंना विचारा, पाठीला कुठली गाडी बरी वाटली. कोकणाच्या वाऱ्या त्यांना मागच्याच सीटवर करायच्या आहेत.